दहा मिलिग्रॅमच्या आत

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे आणि आमच्या कारखान्यात दुसरं कोणी ती ठेवणार नाही.

मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, चौदा वर्षं लॅबमध्ये बसून तुम्ही सगळ्यांच्या घाणीच्या तक्रारी करताय. कँटीनचे कप, जिन्याचा कठडा, शिपायाची नखं. आता घाण काढायचं कामच तुमच्याकडे देतो. सांडपाण्याचा प्लँट आजपासून तुमचा. क्षणभर वाटलं, टोमणा आहे. मग लक्षात आलं, साहेबांना गुणाची पारख आहे.

लॅबचे इनचार्ज महिनाअखेरीस रिटायर होतायत. अठ्ठावीसला तपासणी अधिकारी येणार. बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या आत तेल निघालं, तर एक तारखेपासून ती खुर्ची माझी. पांढऱ्या टाइल्स, एसी, आपोआप लागणारं दार. पंचवीस दिवस नाक दाबून काढायचे, बस्स.

घरी सांगितलं, विभागप्रमुख झालो. बायकोने विचारलं, कशाचा? म्हटलं, पाण्याचा. ती म्हणाली, किचनमधला नळ तीन आठवडे गळतोय, तो आधी बघ.

४ नोव्हेंबर, मंगळवार

प्लँट पाहिला. शी. शी शी शी.

लोखंड कापताना मशीनवर तेल-पाण्याचं पांढरं मिश्रण सोडतात, त्याला कूलंट म्हणतात. वापरून झालं की सगळं इथे येतं. नवं असतं तेव्हा दुधासारखं दिसतं, जुनं झालं की नासक्या दुधासारखं. वर बोटभर तपकिरी साय. त्या सायीत चहाचा कप तरंगत होता, अर्धा प्यालेला. कुणाचा, याची चौकशी करणार.

प्लँट एक बाई चालवतात. सगळे त्यांना ताई म्हणतात. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. त्याच मोज्यांनी त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली. मी उभाच राहिलो. त्यांनी समजावून सांगितलं. वरचं मोकळं तेल पट्ट्याने ओढून काढायचं, मग उरलेलं पाणी मेंब्रेनमधून सोडायचं. मेंब्रेन म्हणजे नळ्यांच्या आतली चाळणी, भोकं डोळ्यांना न दिसणारी. पाणी पार होतं, तेल अडतं. अडलेलं तेल चाळणीवर बसतं, म्हणून दर शनिवारी कॉस्टिक सोडा टाकून गरम पाण्याने धुवायचं. पार झालेल्या पाण्यातलं लागेल तेवढं ऑफिसच्या टॉयलेटच्या फ्लशला जातं, उरलेलं गटारात. तासाला आठशे लिटर निघतं म्हणाल्या, तेल सहा-सात मिलिग्रॅम.

मला हे सगळं माहीत होतंच. मान डोलावली.

संकल्प: प्लँटवर रोज दोनदा जायचं. (खोडून "एकदा" केलं.)

५ नोव्हेंबर, बुधवार

संकल्प बदलला. माझ्या केबिनच्या खिडकीतून प्लँट दिसतो, मग जायचं कशाला? खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावून घेतली. कामकाज फोनवर. शिपाई सांगत होता, ताई म्हणतात की साहेब उंटावरून शेळ्या हाकतात. हाकणाऱ्याला उंची लागतेच.

बसमध्ये घाणेरडा वास. शेजारच्या माणसाचा असणार. तो स्वतःच उठून पुढे गेला ते बरं झालं.

८ नोव्हेंबर, शनिवार

धुण्याचा दिवस. गरम पाण्याची वाफ, त्या वाफेत शिळं तेल. चिकटपट्टीतून आत आली. डबा तसाच परत नेला. 

ताईंना फोनवर सांगितलं, तपासणी होईपर्यंत धुलाई बंद. त्या म्हणाल्या, चाळणी चोंदेल. मी म्हटलं, तेल अडतंय ना? म्हणजे चाळणी काम करतेय. तिने कष्टाने अडवलेलं तेल आपण धुऊन का सोडवायचं? त्यांनी माझं वाक्य मलाच पुन्हा म्हणून दाखवलं. म्हणजे पटलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज वासाचा कायमचा बंदोबस्त केला. दहा लिटर फिनेल पहिल्या टाकीत. इतकं साधं होतं, आणि प्लँट सुरू झाल्यापासून बारा वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नाही! स्वतः जाऊन प्लँटवर उभा राहिलो. (बारा फुटांवरून.) स्वच्छ इस्पितळात आल्यासारखं वाटलं.

दुपारी साहेबांचा फोन. टॉयलेटमध्ये आज चांगला वास येतोय म्हणाले. लॅबच्या खुर्चीला चाकं आहेत का, बघून आलो. आहेत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फेस. टाकीवर कमरेइतका पांढरा फेस. वाऱ्याबरोबर गोळे उडून पार्किंगमध्ये गेले, एक साहेबांच्या गाडीच्या काचेवर बसला. वरून पांढरा, खालून करडा, आणि हलत होता. 

पेंटशॉपमधून फेस मारायचं औषध मागवलं. ताई धावत आल्या. साहेब, ते सिलिकॉनचं आहे, मेंब्रेनवर एकदा बसलं की जन्मात निघत नाही, दुसरं मागवा, दोन दिवसांत येईल, असं सगळं एका दमात म्हणाल्या. दोन दिवस हे बघत बसू? लांब दांड्याच्या भांड्याने मी स्वतः ओतलं. दहा मिनिटांत फेस गायब. याला निर्णयक्षमता म्हणतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ताईंचा फोन. पाणी आठशेवरून तीनशेवर आलं. मी त्यांना शांत केलं. हळू गाळलेलं पाणी जास्त शुद्ध असतं, हे घरोघरी माहीत आहे. त्यांनी फोन ठेवला. आधी कोणी ठेवायचा याचंही वळण नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तासाला नव्वद लिटर. टाक्या काठोकाठ भरल्या. एका कोपऱ्यातून काळं पाणी ओघळतंय आणि त्यावरून माश्या चालतायत. माश्यांचेही पाय चिकटतायत.

ताईंना म्हटलं, प्रेशर वाढवा. त्या नाही म्हणाल्या. चाळणीवर जोर केला तर तेल भोकांत घुसतं, नळ्या फुटतात, मी हात लावणार नाही. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी व्हॉल्व्ह मीच फिरवला, रुमालाने धरून. पाच आटे. रुमाल फेकून दिला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

यश! तासाला बाराशे लिटर! ताईंच्या काळात कधी आठशेच्या वर गेलं नव्हतं.

पाणी जरा पांढरट आहे. हवेचे बुडबुडे. प्रेशरमुळे हवा मिसळते. एक ग्लास टेबलावर ठेवलाय, बुडबुडे वर येऊन निघून जातील.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बुडबुडे अजून आहेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बुडबुडे वर आले. पिवळसर आहेत. थर झालाय. शिपायाला ग्लास टाकून द्यायला सांगितलं, तर त्याने आधी वास घेतला आणि मग बोट बुडवलं. लोकांना काही किळसच राहिली नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बायको माझे कपडे वेगळे धुते. टॉवेलही वेगळ्या खिळ्यावर. माझ्यामुळे घरात स्वच्छतेची जाणीव आली, हे सांगायला गेलो तर म्हणाली, आधी बाहेर कपडे बदलून ये. मग विचारलं, लॅबचं नक्की आहे ना? मी म्हटलं, डोळ्यांत तेल घालून काम करतोय. ती म्हणाली, डोळ्यांतच घातलंय असं वाटत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांच्या टॉयलेटमध्ये कमोडला तपकिरी कडं आलं. कितीही घासा, जात नाही. हात लावला तर बुळबुळीत, असं सफाईवाला म्हणाला. मी हात लावला नाही.

ताबडतोब सर्क्युलर काढलं: कमोड वापरण्याबाबतची शिस्त. एकूण नऊ कलमं. सगळ्या मजल्यांवर लावलं. आठवं कलम विशेष चांगलं उतरलंय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ताई केबिनमध्ये आल्या. पहिल्यांदाच. मोजे काढून, हात धुऊन आल्या होत्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, तीन नळ्या फुटल्यात, बाकीच्या गेल्यातच जमा. पाणी गाळलं जात नाहीये, नुसतं आरपार जातंय. आज जाऊन मोठ्या साहेबांना सांगा, पाणी अडवून ठेवू, अधिकाऱ्यांना प्लँट बंद आहे म्हणून कळवू, ते मुदत देतात. हे गटारातून पुढे कुठे जातं ठाऊक आहे ना तुम्हाला? आणि माझीही नोकरी आहे यात.

एक क्षण खरंच वाटलं, उठावं आणि सांगून टाकावं.  मग लॅबचं दार लागताना होतो तो हलका आवाज आठवला. म्हटलं, अठ्ठावीस झाली की बघू.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उद्याची तयारी पूर्ण. माझ्या टेबलावर एक बाटली ठेवलीय, लेबल "शुद्ध केलेले पाणी". पिण्याच्या कूलरमधून भरली. यात फसवणूक काही नाही. पाणी शुद्ध झाल्यावर कसं दिसतं, ते दाखवायला नमुना लागतोच.

प्लँटवर नवी फुलझाडं, कुंड्यांसकट. ताईंना उद्याची रजा दिली. त्यांनी मागितली नव्हती.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ९.४०. अधिकारी आले. कडक सर्दी! नाक पूर्ण चोंदलेलं! देव आहे.

१०.१५. चहा. बाटली दाखवली. त्यांनी उजेडात धरून बघितली, वा म्हणाले. साहेब माझ्याकडे बघून हसले. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

१०.३०. प्लँटकडे निघालो. ते म्हणाले, आधी जरा टॉयलेटला जाऊन येतो. साहेबांनी स्वतःचं दाखवलं.

१०.४२. अजून आले नाहीत. सर्दीत वेळ लागतो.

१०.५०. आले. हातात त्यांची स्वतःची नमुन्याची बाटली, भरलेली. फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून भरली म्हणे. दारावरचं माझं सर्क्युलर वाचलं, मग कमोड बघितला, मग टाकी उघडून बघावीशी वाटली. साहेबांना विचारलं, हे प्लँटचंच पाणी ना? साहेब मोठ्या अभिमानाने हो म्हणाले. बुडबुड्यांबद्दल मी साहेबांना कळवलं नव्हतं.

सायंकाळी ५. अर्धा नमुना आमच्या लॅबमध्ये तपासला. चारशे बारा.

एखाद्या वेळेस यंत्राची चूक असू शकते. पुन्हा तपासायला सांगितलं. चारशे एकोणीस.

२९ नोव्हेंबर, शनिवार

साहेबांनी बोलावलं, ताईंनाही. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. गटार बंद करायचा हुकूम आलाय, दंड वेगळा. ताईंना विचारलं, आता काय? त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. मेंब्रेन सगळी बदलावी लागतील, यायला सहा आठवडे. तोवर तुरटी टाकून तेल वर आणायचं आणि हाताने काढायचं. प्रत्येक टाकी, रोज. फिनेलचा विषय त्यांनी काढला नाही. साहेबांनी विचारल्यावर मात्र लपवलाही नाही.

मग साहेबांनी त्यांचं शिक्षण विचारलं. बीएस्सी, केमिस्ट्री. पहिला वर्ग! बाहेर आल्यावर मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही विचारलं नाहीत.

एक तारखेपासून लॅब इनचार्ज ताई. हाताने तेल काढायला मी.

रडू आलं. कोणाला दिसू नये म्हणून टॉयलेटमध्ये गेलो, तर तिथे तो वास. धड रडताही आलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

मोजे ताईंच्या मापाचे निघाले. माझा हात अंगठ्यापाशी अडकला. नवे मोजे पुढच्या आठवड्यात. मोज्याविना तसाच हात तेलात घातला. कोपरापर्यंत. गार, जाड, बोटांमधून सरकणारं. नखांत जातं. शिपाई दारात उभा राहून माझी नखं बघत होता.

शी.

संकल्प: राजीनामा. उद्या लिहायचा.

२ डिसेंबर, मंगळवार

राजीनाम्याचा कागद घेतला. हाताचे डाग पडले. असा कागद देणं बरं दिसत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

लॅबमध्ये नमुना द्यायला गेलो. मॅडमनी (ताईंना आता असं म्हणायचं) स्वतः बाटली घेतली, आत या म्हणाल्या. पांढऱ्या टाइल्स. मीच नको म्हटलं. शहाण्णव मिलिग्रॅम. सोमवारपेक्षा कमी आहे, तुरटी थोडी हळू ढवळा, म्हणाल्या. चांगल्या बोलल्या. त्याचाच जास्त त्रास झाला.

९ डिसेंबर, मंगळवार

अडतीस मिलिग्रॅम. दहा अजून लांब आहे. पण आज एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली, तिची नोंद इथे झालीच पाहिजे. प्लँटचा वास पूर्ण गेला! चार दिवस मुळीच येत नाही. टाकीच्या काठावर बसून डबा खाल्ला, काही जाणवलं नाही. म्हणजे मूळ प्रश्न सुटलाय, आता फक्त आकडा खाली यायचा बाकी आहे. साहेबांना उद्याच कळवणार.

घरी आल्याबरोबर बायकोला हे सांगितलं. तिच्याजवळ बसून, सविस्तर. ती उठली आणि खिडकी उघडली. बाहेर चांगलीच थंडी होती.