मॅलनसाहेबांचं निळं इंजिन

हलसूर, बंगळूर
ता. ६ फेब्रुवारी १९६२

प्रिय गोजराअक्कास,

सयाजीचा नमस्कार. रघुजी भावोजींच्या पायांवर डोकं ठेवलंय असं सांग, आणि चंपाला आशीर्वाद. इकडे मी, अहल्या आणि अंगणातला पेरू सगळे ठीक आहोत. अहल्येचा खोकला उतरला. पेरूला यंदा भलतीच फळं धरली आहेत.

तर आठ ग्रह एका राशीत आले, अष्टग्रही झाली आणि जग काही बुडालं नाही. गल्लीत तीन दिवस होम चालू होता, धुराने डोळे चुरचुरले. शेजारच्या नंजम्माने घाबरून दोन पोती तांदूळ भरून ठेवला. जगच बुडणार तर भात कोण खाणार, असं विचारलं तर माझ्यावरच डाफरली. खरं सांगू का, शनिवारी मी गच्चीवर जाऊन आभाळाकडे बघत होतो. बुडालं तर बुडू दे, निदान विश्वासरावांना उत्तर द्यायला नको, असं मनात आलं. थट्टा करतोय ग.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. गवीपूरच्या विश्वासरावांना चंपा पसंत आहे, त्यांच्या मुलालाही आहे, पण साहेबाच्या पेट्यांचं काय ते मुलीच्या मामाला विचारून घेतो म्हणाले. आणि तू लिहिलंस, ‘तू तिथे होतास, तू नुसतं खरं ते सांग, म्हणजे झालं.’ सांगतो की. न सांगायला काय झालं?

भावोजींनी हत्यारांची पेटी अजून खाटेखालून काढली नाही हे वाचून बरं वाटलं नाही. ज्या माणसाने निम्म्या कॅन्टोन्मेंटची कपाटं केली, त्याने कोलारच्या खाणीच्या कोठीत बसून पोती मोजावीत! पाच वर्षं झाली आता. त्यांना म्हणावं, चंपाचा चौरंग तरी स्वतः करा.

परवा कुक टाऊनमधून सायकलवर येताना मॅलनसाहेबांच्या बंगल्यासमोर उगाच उतरलो. व्हरांड्यात आता कुणाचे तरी कपडे वाळत असतात. आमचं लांबलचक टेबल तिथेच असायचं. तुला आम्ही दोघे वेडेच वाटायचो. साहेब आयर्लंडचे, तिथल्या रेल्वेत काम केलेले. आणि त्यांच्या देशाच्या आगगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती जगात कुठल्या दुकानात मिळत नसत. मिळत त्या सगळ्या इंग्लंडच्या. मग टपालाने इंग्रजी इंजिनं आणि वाघिणी मागवायच्या, त्यांचा रंग खरवडायचा, दारं बदलायची, धुराडं कापून दुसरं बसवायचं, आयर्लंडची अक्षरं काढायची. शेवटी चाकं बाहेर सरकवायची, कारण तिकडचे रूळ इंग्लंडपेक्षा रुंद. अकरा वर्षं दर रविवारी मी हेच केलं. चाकांना मात्र साहेब हात लावू देत नसत. ‘बाकी सगळं तुझं, चाकं माझी,’ म्हणायचे.

निळं इंजिन तेवढं विकतचं नव्हतं. साहेबांनी ते तरुणपणी पितळेच्या पत्र्यातून स्वतः घडवलेलं, दीड हात लांब. अंग आकाशी निळं, खालची चौकट तांबडीलाल. मी त्याला पहिल्यांदा पुसलं तेव्हा आधी दोनदा हात धुऊन आलो होतो.

असो. ते सगळं आता आयर्लंडला गेलं. विश्वासराव कधी येणार ते कळव. मी आहे, तू काळजी करू नकोस.

तुझा धाकटा,
सयाजी

ता. क. हे पत्र भावोजींना वाचायला देऊ नकोस. उगाच जुनं आठवेल.


हलसूर, बंगळूर
ता. १९ फेब्रुवारी १९६२

अक्का,

हे पत्र एकटीने वाच, आणि बसून वाच. सकाळपासून मी तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा उठून पेरूला पाणी घालून आलो. झाड कुजेल आता, म्हणून लिहितो.

काल विश्वासराव आले. माणूस चांगला आहे. रेल्वेत फिटर होते, त्यामुळे आमचं लगेच जमलं. कॉफी झाली, माझ्या कारखान्याच्या गोष्टी झाल्या, मग पेला खाली ठेवून म्हणाले, ‘बघा सयाजी, आम्हाला देणंघेणं काही नको. मुलगी बंगार आहे, सोनं. पण नातं जोडायचं म्हणजे स्वल्प विचारून घ्यावं लागतं की. रघुजींनी साहेबाचं इंजिन काढून घेतलं आणि दुसरंच पेटीत घातलं म्हणतात. हौदो इल्लवो, हो की नाही, एवढंच सांगा.’

मी म्हणालो, ‘इल्ला. रघुजींनी नाही.’

‘सरी, ठीक,’ म्हणाले. ‘मग कुणी?’

अक्का, इथे ‘मला काय ठाऊक’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते उठून गेले असते, चंपाचं कदाचित जमलंही असतं. कदाचित. पण त्या ‘कदाचित’वर मी पाच वर्षं काढली आहेत, आणि काल मला ते बसूच देईना. मी आत गेलो, खाटेखालची ट्रंक ओढली, अहल्येच्या जुन्या साडीत गुंडाळलेलं निळं इंजिन काढलं आणि कॉफीच्या पेल्यांमध्ये आणून ठेवलं.

अहल्या दारातच उभी होती. म्हणाली, ‘हे साहेबांबरोबर गेलं होतं ना?’ तिच्याच साडीत, तिच्याच खाटेखाली होतं, आणि तिला माहीत नव्हतं.

मी चोर आहे, अक्का. इंजिन मी घेतलं. आता कसं ते सांगतो.

साहेब परत जाणार हे मला आठ महिने आधी कळलं. डबे जाणार, वाघिणी जाणार, त्याचं दुःख झालं, पण निळ्या इंजिनाचं मला सोसेना. पाहुणे आले की साहेब सांगत, हे माझं, हे मी केलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण अकरा वर्षं त्याला तेल मी घातलं होतं, दोनदा रंग मी दिला होता. मी दर रविवारी गुपचूप माप घ्यायचो आणि आठवडाभर घरी पितळ कापायचो. आठ महिन्यांत तसंच्या तसं इंजिन केलं. माझ्या हातून एवढं चांगलं काम त्याआधी झालं नाही आणि पुढेही व्हायचं नाही. साहेब निरोपाच्या चहाला चर्चमध्ये गेले त्या दुपारी मी दोन्हींची अदलाबदल केली. भावोजी संध्याकाळी आले, साहेबांनी टेबलावर मांडून ठेवलेलं सगळं त्यांनी पेंढ्यात घालून पेट्यांत भरलं आणि झाकणं ठोकली. त्यांनी हातात धरलं ते माझं इंजिन होतं. त्यांना काय कळणार?

आठ दिवसांनी मी घरी निळं इंजिन बाहेर काढलं आणि पट्टी लावली. चाकांचं माप मी घेतलंच नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस मी आमच्या मोठ्या रेल्वेचे डबे बांधतो. दोन रुळांत अंतर साडेपाच फूट, हे मला बापाच्या नावासारखं पाठ. त्याच हिशोबाने, फुटाला अर्धा इंच धरून, पावणेतीन इंचांवर चाकं बसवली. आयर्लंडचे रूळ सव्वापाच फुटांचे. साहेबांच्या मापात एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा फरक. माझं इंजिन त्यांच्या रुळांवर उभंसुद्धा राहणार नव्हतं. तोवर जहाज मद्रासहून सुटलं होतं.

दोन महिन्यांनी बंगल्याचा कारभार बघणारे आप्पाजी घरी आले. म्हणाले, ‘साहेबांनी लिहिलंय, इंजिन त्यांचं नाही. ते कुणाच्या हातचं, असं विचारतायत.’ आणि मी म्हणालो, ‘पेट्या रघुजींनी भरल्या.’

एवढंच. यातला एक शब्द खोटा नव्हता, आणि त्याच्याआड मी पाच वर्षं लपून राहिलो. आप्पाजींनी तेच चार ठिकाणी सांगितलं. भावोजींची कामं एकेक करून तुटली, तू भांडी बांधून खाणीवर गेलीस, आणि स्टेशनवर तुमचं सामान मीच चढवलं. तू खिडकीतून म्हणालीस, ‘तू आहेस म्हणून या गावात आपलं कुणी आहे.’ ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही.

विश्वासरावांनी इंजिन उलटं केलं, चाक बोटाने फिरवून पाहिलं. म्हणाले, ‘काम देवासारखं आहे.’ जाताना म्हणाले, ‘मुलीच्या बापावर काही नाही, हे मी आमच्या लोकांत सांगतो. मुहूर्त बघतो. पण सयाजी, तुम्ही मांडवात नको.’ मी सरी म्हणालो.

आज मी आप्पाजींकडे गेलो. गल्लीत गेलो, लाकडाच्या वखारीत गेलो, भावोजी जिथे बसायचे त्या चहाच्या दुकानात गेलो, आणि सगळीकडे मीच सांगितलं. वखारवाल्याने पाठ फिरवली. साहेबांनाही मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून टाकलं, इंजिन परत पाठवतो म्हणून.

भावोजींना तू सांग. मला तोंड नाही. हाही भित्रेपणाच आहे, कळतं मला.

तू लिहीत नाहीस तोवर तुझा भाऊ म्हणवून घेणार नाही.

सयाजी


हलसूर, बंगळूर
ता. १ मे १९६२

ती. अक्का,

तुझं उत्तर आलं नाही. येऊ नये असंच मी केलं आहे, तरी रोज पोस्टमनची सायकल दिसली की दारापर्यंत जातो. अहल्या दार उघडंच ठेवते. चंपाचं कार्ड मात्र आलं. मुहूर्त २० मेचा. खाली तिने लिहिलंय, ‘मामा, मी रागावले आहे.’ पोरीने निदान मामा म्हटलं. अंतरपाटाजवळ तिच्यामागे मामा म्हणून कुणाला उभं करायचं ते तुम्ही ठरवा. विश्वासरावांना दिलेला शब्द मी मोडणार नाही.

साहेबांचं हवाई पत्र आलं. कारखान्यातल्या एका साहेबाकडून दोनदा वाचून घेतलं, कारण मला वाटलं मीच चुकीचं समजतोय. त्यांनी तेव्हा चोर शोधायला लिहिलंच नव्हतं! त्यांना वाटलं, पेट्या भरताना जुनं इंजिन पडून मोडलं असेल आणि भरणाऱ्याने भीतीने रात्रंदिवस खपून दुसरं करून घातलं असेल. ज्याने असं इंजिन केलं त्याचं नाव हवं, म्हणून विचारलं होतं. आप्पाजींनी नाव कळवलं, रघुजी. साहेबांच्या रुळांवर ते चालेना, तेव्हा त्यांनी टेबलाभोवती त्याच्यापुरता वेगळा रूळ टाकला, पावणेतीन इंचांचा. गावोगावचे हौशी लोक येतात, आधी तेच बघतात. आणि खाली पाटी आहे: ‘रघुजी, बंगळूर.’

इथे ज्या नावाला चोर म्हणत होते, ते तिथे काचेखाली होतं, अक्का. मी वाचून घेतलं आणि त्या साहेबासमोरच रडलो.

पुढे त्यांनी लिहिलंय, ‘माझं इंजिन परत पाठव. म्हातारा झालो आहे, लवकर पाठव. तू मला दुखावलंस. आणि पाटीवरचं नाव बदलू का, ते कळव.’

मी कळवलं, नको. ते नाव तसंच असू द्या. आयुष्यात एकच चांगली वस्तू केली, ती भावोजींच्या नावावर राहू दे. त्यांना हे सांगशील? ते नको म्हणाले तर मी पुन्हा लिहीन.

आता पेटी. इंजिन पाठवायला मी इथे दोन सुतारांकडे गेलो, दोघांनीही माझं काम घेतलं नाही. आणि परवा कोलारहून रेल्वे पार्सलने एक पेटी आली. सागवानी, आतून जाड लोकरी बनात लावलेली, कोपरे असे जुळवलेले की नख जाईना. चिठ्ठी नाही, शब्द नाही. इंजिन आत ठेवलं, तर दोन्ही बाजूंना जागाच उरली नाही. पाच वर्षांपूर्वी एकदा माझं तसलंच इंजिन हातात धरलं होतं, तेवढ्यावर भावोजींनी माप काढलं. म्हणजे हत्यारांची पेटी खाटेखालून निघाली. मी ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास घेत कितीतरी वेळ तिथेच बसलो होतो.

झाकण सुटं होतं. आत फडक्यात आठ स्क्रू बांधून ठेवले होते. आधी वाटलं, भावोजी लावायला विसरले. मग कळलं. पेटी त्यांनी केली, या खेपेला बंद मी करायची.

आठही स्क्रू मीच आवळले. उद्या पार्सल करतो. पार्सलवर पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव लिहावं लागतं, ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे. इथेही तसंच लिहितो.

पाठवणार,
सयाजी मानाजीराव लाड
हलसूर, बंगळूर