पाठवणीचं क्लॅरिनेट

अप्पा, तुमच्या नातवाची खोली आता मी घेतली आहे. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, कॉम्प्युटर इथेच राहिला, आणि त्यावर मी गाणी रेकॉर्ड करायची सोय केली. एक माईक, तो कॉम्प्युटरला जोडणारी एक डबी, छोटा कीबोर्ड, कानाला हेडफोन. बाकी वाजवणं, कापणं, जोडणं सगळं सॉफ्टवेअरमध्ये. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना फोम लावा असं जो तो सांगतो. मी आपल्या चादरी टांगल्या. सोलापुरात राहून फोम कशाला विकत आणायचा? त्यातल्या दोन तर तुमच्याच मागावरच्या आहेत, आणि अजून विटलेल्या नाहीत.

सॉफ्टवेअरमध्ये वाद्यं मिळतात. मी आधी क्लॅरिनेट शोधलं. पट्टी दाबली की वाजतं, अगदी सुरात, आणि दाबून धरली तर वाजतच राहतं. त्याला दमच लागत नाही. मला रडू आलं. तुम्ही दिवसा मागावर आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेटवर. कापसाच्या धुळीनं छाती भरली तेव्हा डॉक्टरांनी फुंकायचं बंद करायला लावलं. मी शाळेत असताना स्वयंपाकघरात माझ्या हातात क्लॅरिनेट म्हणून लाटणं देऊन तुम्ही दरडावत होता, "फुंकायचं मागनं बघू. आदी बोटं बसव की!" आणि आई म्हणायची, "चपात्या कशानं लाटू मग, तुमच्या डोक्यानं?" बोटं बसली, फुंकायचं मात्र राहूनच गेलं.

माझ्या लग्नात तुम्ही डॉक्टरांचं ऐकलं नाही, आईचंही नाही. पाठवणीच्या वेळी बँडमधल्या जुन्या जोडीदाराच्या हातून क्लॅरिनेट घेतलंत आणि वाजवलंत. मी गाडीत मावशीच्या खांद्यावर डोकं टाकून हुंदके देत होते, भोवती बायकांचा गलका. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. वाटलं, व्हिडिओत ऐकू. व्हिडिओ आला तर त्यावर सिनेमातलं गाणं चढवलेलं. तेव्हा सगळ्यांच्याच लग्नात तसं करायचे. तुम्ही पुन्हा कधी वाजवलं नाहीत, आणि वर्षाच्या आत गेलात.

यंदा मी त्या व्हिडिओवाल्याला गाठलं. आता म्हातारा झालाय. म्हणाला, "मूळ कॅसेट पुसून दुसऱ्या लग्नाला वापरत हुतो की, ताई. बँडचा आवाज कोण ठिवतंय?" घरी आले आणि न जेवता पडून राहिले.

मग तो व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये घेतला आणि गाणं बंद केलं. राहिली नुसती तुमची बोटं. बोटं बघायची, थांबवायचं, तो सूर कीबोर्डवर दाबायचा, पुढे जायचं. कितीतरी दुपारी गेल्या त्यात. मधे एका ठिकाणी तुम्ही मागे वळता. गाणं चालू असायचं तेव्हा मला वाटायचं, कुणाशी तरी बोलायला वळला असाल. आता शांततेत दिसलं, तुम्ही खोकताय. गाडीकडे पाठ करून, उपरणं तोंडाशी दाबून, खांदे गदागदा हलताहेत. मग तोंड पुसलंत, गाडीकडे वळलात आणि उरलेलं पूर्ण वाजवलंत. माझ्यासाठी, अप्पा. आणि मला ते ऐकू आलं नाही.

परवा ह्यांना ऐकवलं. म्हणाले, "झकास झालंय, पण मधे आवाज तुटतोय की. जोडून घे तेवढं." मी हो म्हणाले आणि जोडलं नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहील इथेच. शेजारीपाजारी मी सांगते, मुलांच्या गाण्याच्या शिकवणीसाठी स्टुडिओ केलाय. तुम्हाला म्हणून सांगते, मी ते अख्खं लावतच नाही. हेडफोन घालते, सरळ त्या तुटलेल्या जागेवर जाते आणि तेवढंच ऐकते. बाकीचे सूर मशीनचे आहेत. तेवढी जागा तुमची आहे.