तू निवडलेला गुलाबी

चिमणे,

डबा भरून ओट्यावर ठेवलाय. तू उठायच्या आत निघालो, तुला तोंड दाखवायची लाज वाटली.

काल तुझ्या दप्तरात ती व्हेप-सिगारेट खोक्यासकट सापडली आणि मी घर डोक्यावर घेतलं. ते खोकं ऑफिसात मीच रंगवलंय हे तुला ठाऊक होतं, तरी आईसमोर तू अवाक्षर काढलं नाहीस. आज तिला मीच सांगेन.

मागे एकदा जेवताना त्या खोक्यासाठी दोन गुलाबी रंग तुझ्यापुढे धरून मीच विचारलं होतं, "यातला कुठला गोड वाटतो?" तू बोट ठेवलंस, तोच छापला. साहेब खूश झाले, "पोरं तुटून पडतील!" म्हणाले. मीही हसलो.

त्या पोरांत मी तुला धरलंच नव्हतं गं.

बाबा