दादाने घातलेले पाणी

ब्लँटायर, ४ मार्च

ती. बाबांना,
टमांडाचा गुडघे टेकून नमस्कार. वि. वि.

कादंबरीची कच्ची प्रत पोचली ना? आई लिहिते, तुम्ही ती बायबलखाली लपवून वाचता. प्रकाशक म्हणतात, माझा कोळी योबे म्हणजे आजचा ख्रिस्तच. मासळी वाटून टाकतो, दुसऱ्यांना वाचवताना सरोवरात बुडतो. तुम्ही चर्चच्या मंडळीचे पंच. एका दारुड्याला मी ख्रिस्त केले म्हणून मन दुखावले असेल तर सांगा. छपाई ईस्टरनंतर आहे, म्हणाल ते पान काढीन. तुमच्या मर्जीविना मला हे पुस्तक नको.

रागावलात तरी पत्र लिहा.

तुमची टमांडा

न्कोटाकोटा, ११ मार्च

चि. टमांडास अनेक आशीर्वाद.

प्रभूच्या शुभवर्तमानातले मासे आले, होडी आली, वादळ आले. गाढव तेवढे राहिले, बाई. दारूचे म्हणशील तर लोक प्रभूलाही पिणारा म्हणतच होते, तेव्हा रागावलेलो नाही. चूक एकच आहे. जेवणाआधी योबे धाकट्या भावाच्या हातांवर पाणी घालतो. थोरल्याच्या हातांवर लहानाने पाणी घालायचे, हे आपल्यात शेंबडे पोरही जाणते. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून तू हे ओढूनताणून आणलेस. तेवढे पान काढ.

आई सुके मासे पाठवते आहे. वेळेवर जेवत जा.

तुझा बाबा

ब्लँटायर, १८ मार्च

ती. बाबांना नमस्कार.

ते पान शुभवर्तमानातले नाही. मी नऊ वर्षांची होते, पाण्याचा जग माझ्याच हातात होता. त्या सकाळी चर्चमध्ये तुम्ही वायसनकाकांना दारूपायी प्रभुभोजनाला बसू दिले नव्हते. दुपारी ते घरी आले, माझ्याकडून जग घेतला आणि तुमच्या, धाकट्या भावाच्या, हातांवर पाणी घातले. बाबा, योबे म्हणजे काकाच. तरी तुम्ही म्हणाल तर पान काढते.

माया असू द्या.

टमांडा

न्कोटाकोटा, २५ मार्च

चि. टमांडास आशीर्वाद.

पहिल्याच वाचनात मी दादाला ओळखले, म्हणून तर काढ म्हणालो. त्या दिवशी मला वाटले, तो माझी थट्टा करतो आहे. आठच दिवसांत, उलटलेल्या होडीतली माणसे काढता काढता तो बुडाला. विचारायचे राहूनच गेले.

पान काढू नकोस. पण तुझ्या पुस्तकात धाकटा भाऊ रडतो आणि जेवायला बसतो. माझी लाज राखायला तसे लिहिलेस ना? मी ओल्या हातांनी पानावरून उठून गेलो होतो, पोरी. तसेच लिही.

काल मी तुझ्या आईच्या हातांवर पाणी घातले. ताप आलाय का, म्हणून तिने माझे कपाळ चाचपले. ईस्टरला ये. तुझ्याही हातांवर मीच पाणी घालणार आहे. तू मात्र उठून जाऊ नकोस.

तुझा बाबा