राष्ट्राध्यक्षांच्या जागी मी

३ जानेवारी
निवड झाली! शपथविधीच्या तालमीत नव्या राष्ट्राध्यक्षांच्या जागी उभं राहायला अख्ख्या तळावरून एकच माणूस. सार्जंट ड्वेन पिकेट. मेजर हॅस्केल टेप घेऊन आले, उंची, खांदे, पोट मोजलं आणि म्हणाले, हाच. रुबाब लपत नाही. लोरेटाला फोन केला तर म्हणाली, राष्ट्राध्यक्षांचं पोटही एवढंच आहे का? बायकोला नवऱ्याची किंमत कधी कळलीय!
बढतीची यादी २३ला. तीन वेळा डावललंय मला. यंदाही नाव नसलं तर सक्तीची निवृत्ती. पण आता कसली काळजी! तालमीला झाडून सगळे जनरल असतात.

६ जानेवारी
आजपासून गोड बंद. रोज गॅरेजमध्ये राष्ट्राध्यक्षासारखं चालायची प्रॅक्टिस.
संध्याकाळी ६. लोरेटाने केक केला. दोन तुकडे खाल्ले. उगाच बारीक झालो तर माप चुकायचं.

११ जानेवारी
तालीम. कॅपिटॉलच्या पायऱ्या, हाडं गोठवणारी थंडी. माझ्या गळ्यात पाटी, 'राष्ट्राध्यक्ष'. शेजारी कॉर्पोरल किरोझ, तिच्या गळ्यात 'पत्नी'. बँड वाजला आणि अंगावर काटा आला. एका जनरलने सॅल्यूट ठोकला. मला!
शपथ घेऊन खाली बसायचं, एवढंच काम होतं. पण समोर हजारो खुर्च्या बघून राहवेना. चार शब्द बोललो. सैनिकांचा पगार, मेसमधली अंडी वगैरे. मेजर खालून हातवारे करत होते. भारावले असणार. किरोझ म्हणाली, सार्जंट, ते गळा कापायची खूण करतायत. मुलगी विनोदी आहे.

१४ जानेवारी
मेजरांनी झापलं. म्हणे तालीम अकरा मिनिटं लांबली, बँडवाल्यांची बोटं आखडली. जळतात, दुसरं काय. बढतीनंतर यांच्याशी मोठ्या मनाने वागायचं. नवा गणवेश शिवायला टाकला.

२० जानेवारी
सकाळी ११. टीव्हीपुढे मेहुणा व्हर्नन आणि दोन्ही बाजूंचे शेजारी. कोणी कुठे बसायचं ते मीच सांगितलं.
दुपारी १. काय हा माणूस! पायऱ्या धावतपळत उतरला. वळणावर थांबायचं असतं, थांबलाच नाही. हात अर्धवट वर. भाषण समोरच्या पडद्यावर बघून वाचलं. मी प्रत्येक चूक दाखवत होतो. व्हर्नन म्हणाला, ड्वेन, बाजूला हो, तुझ्या पाठीमागे राष्ट्राध्यक्ष आहेत. सगळे खो खो हसले.
खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं. तो उभा होता ती जागा नऊ दिवसांपूर्वी माझी होती. आणि लोक टाळ्या वाजवतायत त्याला. व्हर्ननसुद्धा! याने तर मत दुसऱ्याला दिलं होतं.
म्हणून उठून जाहीर करून टाकलं, बढतीची पार्टी शनिवारी, माझ्याकडून, सगळ्यांना. लोरेटाने बाही ओढली. उशीर झाला होता.

२३ जानेवारी
यादी आली. माझं नाव नाही. टाइप करताना राहिलं असणार. थेट मेजरांकडे गेलो, जनरलच्या सॅल्यूटची आठवण करून दिली.
मेजर पहिल्यांदाच माझ्याशी हळू बोलले. म्हणाले, पाटीला सॅल्यूट होता तो, पिकेट. तुझं तर नोव्हेंबरातच ठरलं होतं. तालमीसाठी कामाचा माणूस कोणी सोडेना. तू जाणाराच होतास, मोकळा होतास. त्यात माप जुळलं.
घरी आलो. लोरेटाने विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, वर विचार चालू आहे. तिने फोन उचलला आणि एकेकाला कळवलं, शनिवारचं रद्द, ड्वेनला ताप आहे, बढतीचं काय ते मागाहून सांगू.
कुठेही अडखळली नाही. कितीतरी वर्षांची सवय असल्यासारखी बोलत होती.