मिशी, शिसं आणि बाबांची होडी

१२ एप्रिल, शुक्रवार

समुद्र इथून शेकडो मैल लांब, आणि आमच्या हॉलमध्ये पाणबुड्याचा पोशाख वाळतोय. शिवशंकर मालवणला पाण्याखाली पोहायला शिकला, येताना जुनं सामान घेऊन आला – हवेचं सिलिंडर, मास्क, बदकासारखे रबरी पाय, शिशाचा पट्टा. बावन्नाव्या वर्षी नवऱ्याला एखादा छंद लागावा असं मीच म्हणत होते. मला बासरी अपेक्षित होती.

सासूबाईंनी पट्टा उचलून पाहिला.
"हे काय?"
"शिसं, आई. त्यानं माणूस खाली जातो."
"तुझ्या बापाची होडी बिगर शिशाचीच खाली गेली की."

१३ एप्रिल

शिवशंकर लहान असताना धरणाचं पाणी गावात शिरलं, तेव्हा बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळा संसार होडीत भरला. होडी मधेच बुडाली. माणसं वाचली, भांडंकुंडं गेलं. "लई भरलं. अक्कल नव्हती" – हे आईंनी त्यांना जेवताना, पाहुण्यांसमोर, अगदी दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा ऐकवलं. बाबा नुसती मान हलवायचे.

शिवशंकरला ती होडी शोधायची आहे. फळी कुजलेली होती, बाबांचा दोष नव्हता, एवढंच त्याला आईंना दाखवायचंय. पैठणच्या अलीकडे, धरणाच्या पाण्यात, सोमनाथ नावाचा एक पोरगा मासे धरतो. त्याचं जाळं दरवर्षी एकाच जागी अडकतं, होडी तिथंच असणार. यंदा पाणी खूप खाली गेलंय.

१८ एप्रिल

आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. हौद भरला आणि हा पोशाखासकट आत! वीस मिनिटं नुसते बुडबुडे. आई काठी घेऊन काठावर उभ्या – "आठ दिसांचं पाणी हाय ते. आता ह्याच्या अंगाचा चहा प्यायचा का?"

२८ एप्रिल

मास्कमध्ये पाणी शिरतं. कारण, मिशी. काच चेहऱ्याला घट्ट बसत नाही. आधी त्यानं मिशीला साजूक तूप लावलं. पाणी शिरायचं ते शिरलंच, वर शेजारचं मांजर दिवसभर मागे.

शेवटी मिशी काढली. आई ताटावरून उठल्या.
"बाप गेला तवा काढली व्हतीस. आता कोण गेलं?"
"मास्कसाठी काढली, आई."
"लोकं इचारतील तर मास्क दाखव."

खरं सांगू? बिनमिशीचा तो अगदी शाळकरी दिसतो. मी दोनदा मुद्दाम स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पाहिलं.

५ मे

आई नीट जेवत नाहीत. "बुडालं ते बुडालं, कशाला उकरायचं?" मी समजावलं, कमरेला दोर बांधणार आहे, सोमनाथ वर असेल. त्या भाकरी नुसती कुस्करत राहिल्या. मग – "तळाला चांगलं दिसतं का गं?" मी म्हटलं, टॉर्च आहे, सगळं दिसतं. त्यांना धीर यावा म्हणून म्हटलं. त्यांनी ताट सरकवलं.

आईचं काळीज.

१९ मे, रविवार

आई हट्टानं सोबत आल्या. काठावर छत्री धरून बसल्या.

शिवशंकरनं उडी मारली आणि तरंगला. पट्टा घालूनही! सोमनाथ होडीतून वाकून म्हणाला, "काका, पोट आत घ्या, नायतर अजून शिसं लागंल." अजून चार किलो बांधलं. मग गेला.

मी दोराकडेच बघत होते. आई माझ्याकडेही बघेनात.

होडी सापडली! पण वर आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. "फळ्या धड आहेत. एकही कुजलेली नाही." सोमनाथनं दोरानं ओढून एक जड वस्तू वर घेतली. जात्याची वरची दगडी तळी. शिवशंकर तिच्याकडे बघत राहिला. "जातंही भरलं होतं बाबांनी. आई बरोबर म्हणायची."

आईंनी छत्री मिटली. इतक्या वर्षांत प्रथमच संधी असून बोलल्या नाहीत. मला वाटलं, लेकाची दया आली.

२० मे

सकाळी पाहते तर तळी घासून बाबांच्या फोटोखाली ठेवलेली. वर हळदीकुंकू.

"जातं नको म्हणले व्हते ते," आई फोटोकडेच बघत म्हणाल्या. "माझ्या माह्यारचं व्हतं. मी गोधडीत गुंडाळून ठिवलं."

शिवशंकर दारात उभा होता. "बाबांना कळलं नव्हतं?"

"होडी कलली तवा पाण्यात टाकायला ती गोधडी त्यांनीच धरली व्हती. उचलंना."