पाचवा दात

२ जून, सोमवार. सकाळी १०.१०
आजपासून रोजनिशी. वही विकत घेतली नाही. अपॉइंटमेंटचं रजिस्टर काउंटरवर पडूनच आहे, पेशंट हल्ली मोबाइलवरून वेळ घेतात. दर पानावर तारीख छापलेली, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने आखलेले. माझ्यासारख्या शिस्तीच्या माणसाला आणखी काय हवं.

लिहायचं कारण गंभीर आहे. मॅडमनी (डेंटिस्ट, दवाखान्याच्या मालकीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान) आल्याआल्या केबिनमध्ये बोलावलं. समोरच्या दवाखान्याला इन्स्टाग्रामवर नऊ हजार फॉलोअर आहेत, आपल्याला अडतीस. म्हणून एक एजन्सी लावायचा विचार आहे. एजन्सी रोज पोस्ट टाकणार, शिवाय काउंटरला स्वतःचं माणूस देणार. पॅकेजच तसं आहे म्हणे.

काउंटरला माणूस आहे. मी. सोळा वर्षं.

शांतपणे म्हणालो, ग्राफिक्स मला येतात. मॅडमनी विचारलं, कधीपासून? म्हटलं, पहिल्यापासून आवड आहे. महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली.

संकल्प: रोज एक पोस्ट. शिवाय उजवीकडच्या दाढेकडे लक्ष देणे. माझ्या.

३ जून, मंगळवार. दुपारी १.३०
एआयचं टूल सापडलं. आपण मराठीत लिहायचं, ते चित्र काढून देतं. रोज दहा चित्रं फुकट. मी लिहिलं, हसणारी सुंदर स्त्री, निरोगी दात. पहिल्या चित्रात दात झकास होते पण बाई घाबरलेली होती. दुसरीने टूथब्रश उलटा धरला. तिसरीच्या मागे आरशात भलताच माणूस. सातवी मात्र अशी हसली की मीही मोबाइलकडे बघून हसलो आणि एक पेशंट खुर्ची बदलून लांब बसला.

वेळ लागला चाळीस सेकंद. मॅडमना सांगितलं, तीन तास बसलो होतो. ते खरंच आहे. मी रोजच बसतो.

४ जून, बुधवार. दुपारी १२.१५
चित्राखाली स्वतः लिहिलं: हसा, आम्ही आहोत. दोनशे बारा लाइक. एजन्सीने करून दाखवावं.

१२.४० मॅडम काउंटरवर आल्या. ही कोण? पेशंटचा फोटो परवानगीशिवाय लावला तर आपण गोत्यात येऊ. मी एका क्षणात सगळा हिशेब केला. मशीनचं चित्र म्हणावं, तर चाळीस सेकंदांचं काम करायला मी कशाला हवा? म्हणालो, माझी मामेबहीण. पेशंट नाही, नुसता चेहरा दिलाय. मॅडम खूश. फाइलला लावायला तिचं संमतिपत्र मागितलं.

डाव्या हाताने सही केली. चांगली नाजूक आली.

६ जून, शुक्रवार. सकाळी ११.००
केबिनमध्ये बोलावलं. मॅडमनी बहिणीचं तोंड स्क्रीनभर मोठं केलं होतं. पेनाच्या टोकाने मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, चार, पाच.

वर समोर चार दात असतात. बहिणीला पाच आहेत. बरोबर मध्ये एक जादा.

मॅडम म्हणाल्या, असा मधला दात कधीमधी निघतो, पण तो सुळक्यासारखा, वाकडातिकडा. इतका सुरेख, ओळीत उभा राहिलेला त्यांनी पुस्तकातसुद्धा बघितला नाही. २८ तारखेला डेंटिस्ट लोकांची कॉन्फरन्स आहे. दरवर्षी त्या काहीतरी पाठवतात, दरवर्षी परत येतं.

“वीस वर्षं मी कीडच बघतेय हो,” त्या म्हणाल्या. “एकदा आणा ना तिला. फक्त तोंड उघडायचंय.”

बाहेर येऊन मीही मोजले. पाचच. माझ्या डोक्यावर दातांचा तक्ता टांगलेला आहे आणि सोळा वर्षं मी त्याखाली बसतो. पण एका अर्थी हे माझ्या कामाचं यशच आहे. फोटो खरा वाटल्याशिवाय कोण दात मोजतं?

९ जून, सोमवार. दुपारी ४.२०
सांगितलं, बहीण परगावी असते. मॅडम म्हणाल्या, गाव सांगा, रविवारी मीच जाते. मग सांगितलं, ती डेंटिस्टना फार घाबरते. मॅडम म्हणाल्या, घाबरणारे पेशंट ही माझी खासियत. मग सुचलं. तिला दिवस गेलेत, एक्स-रे काढता येणार नाही.

स्वतःवरच खूश झालो. मूल होईपर्यंत कॉन्फरन्स कधीच होऊन गेलेली असणार.

कितवा, मॅडमनी विचारलं. म्हटलं, चौथा. तर म्हणतात कशा, छान, दातांच्या कामाला हेच महिने सगळ्यात सुरक्षित, आणि एक्स-रे नकोच, नुसते फोटो काढू. पहिला म्हणायला हवं होतं. माणूस प्रामाणिकपणे काही ठरवतो आणि शास्त्र आडवं येतं.

१० जून, मंगळवार. सकाळी ९.५०
काल संध्याकाळी बायकोला मॅडम भाजी घेताना भेटल्या. तुम्ही आत्या होणार म्हणून अभिनंदन केलं. खरं तर मामी, पण मॅडमना नात्यांचं कळत नाही. बायकोला कळतं. ती घरी आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, “तुम्हाला एकच मामा, आणि त्यांना मूलबाळ नाही. मग दिवस कुणाला गेलेत?”

सगळं सांगावं लागलं. मोबाइलवर बहीण दाखवली. बायको हसत सुटली, इतकी की तिला खाली बसावं लागलं. मग एकदम थांबली. दातांच्या दवाखान्यात नोकरी, चार वर्षं दाढेत लवंग धरून फिरताय, आणि वर ही थाप. दाढ दाखवत नाही, निदान खरं तरी सांगा, म्हणाली. त्या डॉक्टर असल्या तरी साध्या आहेत, त्यांना फसवू नका.

संकल्प: आज सांगणे. ११ ते ११.१५ चा रकाना त्यासाठी राखून ठेवला आहे.

११ जून, बुधवार. दुपारी १.४५
काल सांगता आलं नाही. पेशंट होते. आज सांगणारच होतो, तर मॅडम गुणगुणत आल्या. कॉन्फरन्समध्ये कुणीतरी गळालं, फोटो बघून मॅडमना दहा मिनिटं मिळाली आहेत. पत्र मला वाचायला दिलं. दोनदा. एजन्सीबरोबरची मीटिंगही रद्द केली. म्हणाल्या, तुमच्यामुळे झालं.

अशा दिवशी सांगणं हा दुष्टपणा झाला असता.

तर नोकरी वाचली. आनंद व्हायला हवा. पण जेवताना पहिल्यांदाच नीट बघितलं: डावीकडे भिंत, उजवीकडे चपलांचं कपाट, पाठीशी केबिनचं दार, समोर काउंटर. बाहेर पडायचं तर फळी उचलावी लागते आणि तिची बिजागरी गंजली आहे. घास उजवीकडे गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. दाढेमुळे.

१६ जून, सोमवार. सकाळी ११.३०
रविवारभर विचार करून उपाय काढला. दातच नाहीसा करायचा. चार दातांचा नवा फोटो टाकायचा आणि सांगायचं, जादाचा काढून घेतला तिने. केसही गेली, बहीणही सुटली.

टूलला लिहिलं, तीच बाई, चार दात. वेगळीच बाई आली. लिहिलं, परवाचीच बाई. म्हातारी आली. लिहिलं, अहो, माझी मामेबहीण. एक अख्खं कुटुंब आलं, सगळे हसतायत. शेवटी जुन्याच चित्रात त्या दातावर बोट फिरवून पुसण्याची सोय सापडली. उरलेले चार आपोआप सरकून नीट बसले. वेदना नाही, रक्त नाही.

११.५० पोस्ट टाकली. आता मोकळा.

१७ जून, मंगळवार. दुपारी १२.०५
मॅडमनी पोस्ट सकाळी बघितली. चेहरा पांढराफटक. कुणी काढला? चौथ्या महिन्यात? काढायचं कारण काय होतं? मी दाराबाहेर बघितलं. माणूस अडचणीत दाराकडेच बघतो. पण दाराबाहेर समोरच्या दवाखान्याची पाटी आहे.

मॅडमनी हातमोजे उतरवले आणि ॲप्रनसकट रस्ता ओलांडून गेल्या. सोळा वर्षांत पहिल्यांदा. आत खुर्चीवर एक गृहस्थ अर्ध्या बधिर तोंडाने वाट बघत होते. त्यांना मासिक नेऊन दिलं.

अकरा मिनिटांनी परत आल्या. समोरच्या डॉक्टरांना अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही म्हणे. त्यांनी दात बघितलेच नाहीत. कान दाखवला. त्यातलं डूल कानाला टोचलेलंच नव्हतं, गालातून उगवलं होतं. त्यांची एजन्सी असलीच चित्रं वापरते.

ओरडल्या असत्या तर माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. ओरडल्या नाहीत. बेसिनपाशी हात धूत राहिल्या.

“मशीनने केलंय म्हणाला असतात तरी मला चाललं असतं,” त्या म्हणाल्या. मग नळ बंद करून म्हणाल्या, “मी आईलासुद्धा फोन करून सांगितलं होतं, मला बोलावलंय म्हणून.”

आणि बधिर गृहस्थांकडे गेल्या. मला फार वाईट वाटतंय. इथे आणखी काहीतरी लिहायचं होतं, पण तेवढंच वाटतंय.

२३ जून, सोमवार. दुपारी २.००
रजिस्टर काउंटरवर राहिलं, त्यामुळे हे जुन्या कार्डाच्या पाठीवर लिहितोय. माझी पानं मात्र आधीच फाडून आणली. एजन्सीची मुलगी आली. माझी बढती झाली असं म्हणायला हरकत नाही: मागच्या खोलीत स्वतंत्र टेबल आणि कॉम्प्युटर. सोळा वर्षांची पेशंटची कार्डं टाइप करायची, शिवाय त्या दिवशीची नवी कार्डं संध्याकाळी येतात ती. खिडकी नाही, पण उपकरणं उकळायचं मशीन सोबतीला आहे. मागचं दार जवळ पडतं म्हणून तिकडूनच येतो-जातो. नव्या मुलीशी अजून ओळख व्हायची आहे.

मॅडमनी कॉन्फरन्सला पत्र पाठवून आपलं नाव मागे घेतलं. माझ्याशी नीट बोलतात. तेच सोसत नाही.

एजन्सीची पहिली पोस्ट बघितली. हसणारी बाई. मोजले. चार.

२७ जून, शुक्रवार. सकाळी १०.३०
मार्ग सापडला. कॉन्फरन्स उद्या आहे. माझं तोंड सोळा वर्षांत कुणी उघडून बघितलेलं नाही. मॅडम दर वर्षी दात दाखवा म्हणायच्या, मी दर वर्षी पेशंटांची गर्दी आहे म्हणायचो. आत काय असेल कुणी सांगावं? इतकी कळ मारणारी दाढ साधी असूच शकत नाही. काही दुर्मीळ निघालं तर मॅडमना उद्या खरी केस घेऊन जाता येईल, दहा मिनिटं परतसुद्धा मिळतील. आणि या वेळी पेशंट खरा आहे. हवा तेव्हा हजर.

ओळखीचा फायदा नको म्हणून सगळ्यांसारखी मोबाइलवरूनच वेळ घेतली. लवंग थुंकून टाकली.

संध्याकाळी ६.१०
मॅडमनी आरसा घालून मोजायला सुरुवात केली, मोठ्याने. निकाल ऐकावा तसा मी ऐकत होतो. एकोणतीस, तीस, एकतीस. पुन्हा एकदा मोजले.

“एक कमीच आहे,” त्या म्हणाल्या. उजवीकडची दाढ मात्र पार किडली आहे. मी डोळ्यांनीच विचारलं. त्यांना कळलं. त्यांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला.

“नाही हो,” त्या म्हणाल्या, “साधी कीड आहे. नेहमीची.”

मला माफी मागायची होती. तोंडात कापूस होता. त्या म्हणाल्या, बोलू नका, आणि इंजेक्शन फार जपून दिलं.

जाताना काउंटरवरच्या मुलीने थांबवलं. कार्ड भरायचं राहिलं होतं. पहिल्यांदाच आलात का इथे, तिने हसून विचारलं. सोळा वर्षं म्हणायला गेलो. अर्धं तोंड बधिर होतं, नुसती लाळ आली. तिने कागदी रुमाल पुढे केला आणि मी हो म्हटलं असं धरून रकान्यात खूण केली.

दिवसभराची कार्डं आत्ताच माझ्या टेबलावर आली. सगळ्यात वरचं माझं आहे. नवीन पेशंट. बाकी काही चूक नव्हती, तसंच टाइप केलं.